जिनातल्या गोदामातली १९२८ ची ब्यूक: बॉडी मूळची की मागाहून चढवलेली?

आर्वीकडची

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढते आहे.

आमचं गाव पुलगाव-आर्वी रस्त्यापासून थोडं आत. पणजोबा मालगुजार होते, घरचं जिन, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना, होतं. मालगुजारी गेली, पुढे जिनही बंद पडलं, यंत्रं भंगारात गेली. पण रुईच्या गोदामात एक मोटार उभी राहिली ती राहिलीच. आम्हा पोरांची लपाछपीची जागा होती ती. मागच्या उन्हाळ्यात बाबा गेले. वाटणीच्या कागदावर त्या गाडीपुढे "जुनी मोटार, नादुरुस्त, किंमत नाही" असं लिहिलेलं वाचलं आणि मला फार लागलं. मी ती माझ्या वाट्याला मागून घेतली.

आतापर्यंत मला जे दिसलं ते सांगते. रेडिएटरच्या बिल्ल्यावर ब्यूक एवढं वाचता येतं. त्याच्या आधी आणखी एक लांब शब्द होता, पण तिथला मीना उडालाय. स्टिअरिंग उजवीकडे, इंजिन सहा सिलिंडरचं, ब्रेक चारही चाकांना. गाडी उघडी, कापडी टपाची. टपाचं कापड उंदरांनी संपवलं, कमानी मात्र शाबूत आहेत. बॉडीचा सांगाडा लाकडी आणि त्यावर पत्रा. मागच्या नंबराच्या पाटीवर रंगाच्या दोन थरांखाली सी. पी. (जुना मध्य प्रांत) ही अक्षरं पुसट दिसतात.

एक जाणकार म्हणवणारे गृहस्थ शहरातून येऊन गाडी पाहून गेले. म्हणाले, बॉडी गावठी आहे, ती फेका, कारखान्याच्या नमुन्याची नवी करून घ्या, तरच गाडीला मोल. जाताना फायरवॉलवरची (इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पडद्यावरची) पितळी पट्टी "तपासायला" मागत होते. ती मी दिली नाही.

मला एवढंच कळायला हवं आहे, की या गाडीतलं खरं काय आणि मागाहून आलेलं काय? आणि हे शोधायचं कसं?

पाना-पेचकस (अकोला)

ताई, पट्टी दिली नाही थे लय चांगलं केलं. गाडीची ओळख त्या पट्टीत असते. पट्टी एका गाडीची, चेसिस (खालचा लोखंडी सांगाडा) दुसरीची आणि कागद तिसरीचे, असे सौदे मी डोळ्यांनी पाहिले आहेत. पट्टीचे रिवेटसुद्धा हलवू नका. पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल आडवी घासा, सगळे आकडे-अक्षरं कागदावर उतरतील. इंजिनावरचा नंबरही तसाच उतरवून घ्या.

आता दुसरं. गाडी धुवायची नाही, घासायची नाही, कोणाला पॉलिश मारू द्यायचं नाही. धूळ मऊ ब्रशनं झाडा, बस. आधी सगळ्या बाजूंनी फोटो, मग जे काढाल त्याला चिठ्ठी बांधून डब्यात.

बॉडी कुठली हे विचारायचं तर बोल्टांना विचारा. अर्ध्या इंचाचा बोल्ट घ्या, त्याच्या आट्यांवर कागदाची पट्टी दाबा आणि एका इंचात किती खुणा उमटल्या त्या मोजा. अमेरिकन किंवा कॅनडातला बोल्ट असेल तर जाड आट्याचे १३ भरतील, बारीक आट्याचे २०. व्हिटवर्थ असेल तर १२. व्हिटवर्थ म्हणजे इंग्रजी माप. आपल्याकडच्या रेल्वे वर्कशॉपात, जिनात, गिरणीत तेव्हा हेच चालायचं. चेसिसचे बोल्ट एका मापाचे आणि बॉडी चेसिसवर आवळणारे दुसऱ्या मापाचे निघाले, तर दोन्ही एका छपराखाली तयार झालेले नाहीत.

लाकडातले स्क्रूही पाहा. स्टार पेचकसचे स्क्रू मोटारीत आले ते १९३६ च्या सुमाराला, कॅडिलॅकपासून. जिथं स्टार स्क्रू दिसेल तिथं त्यानंतर कोणाचा तरी हात लागला आहे असं समजा.

आणि गिअर. खटका कसा पडतो ते लिहा. १९२८ पर्यंतच्या ब्यूकचा गिअर नेहमीच्या गाड्यांच्या उलट पडतो. १९२९ पासून तो सगळ्यांसारखा झाला.

झाडीपट्टी

वाचनखूण साठवली. आमच्या मामाच्या वाड्यातही एक सांगाडा पडून आहे, तिथं जाऊन बोल्ट मोजतो.

आर्वीकडची

पाना-पेचकस दादा, तुम्ही सांगितल्याप्रमाणे दोन दिवस बसून सगळं केलं.

पट्टीवर जनरल मोटर्स ऑफ कॅनडा, ओशावा असं स्वच्छ उतरलं. गिअर उलटाच पडतो. घरी सगळे म्हणायचे की आजोबांशिवाय ही गाडी कोणाला चालवताच यायची नाही, त्याचं कारण आता कळलं.

बोल्टांचं तर मला रात्रभर नवल वाटत राहिलं. चेसिसवरच्या अर्ध्या इंची बोल्टाच्या कागदावर २० खुणा. बॉडी आवळणारे आठ बोल्ट आहेत, त्यातले सहा निघाले, सहाही १२ चे. परत परत मोजले. स्क्रू सगळे सरळ खाचेचे, फक्त डावीकडच्या मागच्या दाराला चार स्टार स्क्रू आहेत.

चुंबकही फिरवला. बोनेटला आणि बॉडीला चिकटतो, मागच्या डाव्या मडगार्डवर तळहाताएवढ्या जागेत चिकटत नाही. तिथला रंग उडालेला आहे आणि नखानं ओरखडा काढला की चकाकतं.

पाना-पेचकस (अकोला)

मडगार्डचं थे शिसं आहे. आज आपण लांबी (पुट्टी) भरतो तसं तेव्हा शिसं वितळवून खड्डा भरायचे आणि लाकडी पट्टीनं सपाट करायचे. जुनं काम आहे, चांगल्या हाताचं. त्याला हात लावू नका.

बंदरावरचा

मुंबईहून लिहितो आहे. जुन्या गाड्यांच्या कागदपत्रांच्या मागे मी बरीच वर्षं आहे, म्हणून थोडं सविस्तर.

बिल्ल्यावरचा उडालेला शब्द मॅकलॉफ्लिन असणार. हे घराणं मुळात घोडागाड्या आणि बर्फावरच्या घसरगाड्या बनवणारं. १९०७ मध्ये त्यांनी ब्यूकची इंजिनं घेण्याचा करार केला आणि ओशावात मॅकलॉफ्लिन-ब्यूक तयार होऊ लागल्या. १९१८ मध्ये त्यातूनच जनरल मोटर्स ऑफ कॅनडा झाली. उजव्या स्टिअरिंगच्या गाड्या ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांना कॅनडातून पाठवणं जकातीच्या दृष्टीने सोयीचं होतं. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा जोडणी कारखाना १९२८ च्या अखेरीस सुरू झाला. तुमची चेसिस त्याआधी बोटीने आलेली दिसते.

त्या काळात गाडी दोन तऱ्हांनी विकत मिळे. एक, पूर्ण तयार. दुसरी, नुसती चेसिस: इंजिन, गिअरबॉक्स, चाकं, रेडिएटर, फायरवॉल. वरची बॉडी ज्याने त्याने आपल्या पसंतीच्या कोचबिल्डरकडून करून घ्यायची. रोल्स-रॉइस तर दुसऱ्या महायुद्धापर्यंत फक्त चेसिसच विकत असे, बॉडी हूपर, बार्कर, थ्रप अँड मेबर्ली यांच्यासारखे लोक बांधत. आपल्याकडे कलकत्त्याला स्टुअर्ट, मद्रासला १८४० पासून सिम्प्सन, मुंबईत फोर्ट कोच फॅक्टरी. या मंडळींची छोटी पाटी बहुधा दाराच्या उंबरठ्यावर असते. बॉडीचा नंबर फळ्यांच्या खालच्या अंगाला, सीटच्या चौकटीवर, कधी बोनेटच्या बिजागरीवर ठोकलेला सापडतो. सगळ्या तुकड्यांवर एकच नंबर मिळाला तर ते एकमेकांचे.

रोल्सवाल्यांचं नशीब थोर. प्रत्येक चेसिसचं कार्ड इंग्लंडमध्ये जपून ठेवलेलं आहे, त्यात पहिला मालक, कोचबिल्डर, रवानगीची तारीख असं सगळं मिळतं. ब्यूकची जुनी कागदपत्रं अमेरिकेत फ्लिंटच्या स्लोन म्युझियममध्ये आहेत, पण तुमची चेसिस ओशावाची. म्हणजे तुम्हाला गाडीकडूनच काढून घ्यावं लागेल.

तुमचे फोटो मोठे करून पाहिले. बॉडीला दुहेरी गोलाई कुठेच नाही. पत्रा एकाच दिशेने वाकवलेला, सांध्यांवर अर्धगोल पट्टी ठोकलेली. नामांकित कोचबिल्डरचं हे काम नव्हे. स्पष्ट लिहितो, राग मानू नये: मला त्या गृहस्थांचं म्हणणं अगदीच चूक वाटत नाही. मूळ बॉडी केव्हातरी मोडली असावी आणि गावात काहीतरी बसवलं असावं.

आर्वीकडची

राग नाही. उंबरठ्यावर पाटी नाही आणि पाटीच्या स्क्रूची भोकंही नाहीत. पण आज मागच्या सीटची फळी उचलली. खालच्या अंगाला सुताराच्या पेन्सिलीनं "डा" आणि "उ" लिहिलंय, देवनागरीत. डावी, उजवी. पुढच्या सीटखाली तेच. दारांच्या आत, पत्रा सुटलाय तिथून बॅटरी मारली, तिथंही तेच. शिवाय प्रत्येक तुकड्यावर पटाशीनं कोरलेली एक खूण आहे, अर्धा चंद्र आणि त्याखाली दोन रेघा.

सागवान (चंद्रपूर)

ताई, लाकडाचा जवळून फोटो टाकाल का? रंग नाही अशा जागेचा, आडव्या छेदाचा. आणि तिथंच थोडं खरवडून वास घ्या.

आर्वीकडची

फोटो टाकलाय. वास जुन्या चामड्यासारखा येतो. हाताला किंचित तेलकट लागलं.

सागवान (चंद्रपूर)

मग सागच. वनखात्याच्या नोकरीत आयुष्य गेलं माझं, या वासाला चुकणार नाही. कॅनडातल्या बॉडीत अ‍ॅश किंवा मेपल असतं. अ‍ॅश पांढुरकं, आपल्या पावसात आणि वाळवीत असं टिकत नाही. तुमच्या फोटोतल्या रेषा जवळजवळ आहेत आणि तेल भरपूर, म्हणजे सावकाश वाढलेलं जुनं झाड. आलापल्लीच्या जंगलातलं लाकूड असं असतं. ते बल्लारशाच्या डेपोतून रेल्वेने सगळीकडे जायचं. अजूनही जातं. २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी इथूनच गेलं. तुमचं लाकूड नेमकं कुठल्या जंगलातलं ते फोटोवरून सांगता येत नाही, पण साग आहे हे लिहून घ्या.

पाना-पेचकस (अकोला)

मग बॉडी इकडेच बांधली. आता सवाल एवढाच, की पहिल्यांदाच इकडे बांधली का मोडल्यावर. चेसिसच्या रुळाला बॉडी बसवायची भोकं किती आहेत पाहा. आधी दुसरी बॉडी बसून गेली असेल तर तिच्या आवळपट्ट्यांची खूण, घासलेला रंग, गंजाची किनार, काहीतरी राहतंच. ब्यूकच्या कारखान्याची बॉडी कधी बसलीच नसेल तर तिथला काळा रंग कोरा असेल.

ताई, घरात जुन्या वह्या आहेत का? जिनवाल्यांचा पै-पैचा हिशेब असायचा.

आर्वीकडची

वह्या आहेत, लाल कापडाच्या, माळ्यावर दोन पेट्या भरून. पण मोडीत. आमच्यात आता कोणालाच येत नाही. बाबांनाही येत नव्हती.

मोडीवाचक

शके १८४९ ते १८५२ च्या रोजमेळाच्या वह्या काढा. पानं उलगडताना ओला हात नको. सावलीत, वरून सरळ फोटो घ्या आणि व्यक्तिगत निरोपातून पाठवा. दिवाणजींची मोडी धावती असते, वेळ लागेल, पण वाचून देईन.

*(नऊ दिवसांनंतर)*

मोडीवाचक

ताई, तुमच्या परवानगीने इथेच लिहितो, कारण सगळ्यांनी वाचावं असं आहे.

शके १८५० च्या कार्तिक वद्यात, म्हणजे १९२८ चा नोव्हेंबर सरता सरता, मुंबईच्या वाडीबंदर ते पुलगाव रेल्वेभाड्याची नोंद आहे. माल म्हणून शब्द आहे "चासी". मोटार नाही, गाडी नाही, चासी. तो शब्द दिवाणजींना नवा असावा, दोनदा खोडून लिहिला आहे. दुसऱ्या दिवशी हमालीचा खर्च आणि "चासीवर बसण्यास खोके". म्हणजे नुसत्या सांगाड्यावर लाकडी खोकं ठेवून, त्यावर बसून ती पुलगावहून गावात चालवत आणली.

पौषात, म्हणजे १९२९ च्या जानेवारी-फेब्रुवारीत, सागवानाची खरेदी, बल्लारशा स्टेशनापासूनचं भाडं. त्याच महिन्यापासून सुताराची मजुरी: असामी २, दिवस ४१. लोहार वेगळा. पत्रा नागपूरहून. चुका (बारीक खिळे), मोठे खिळे, पॅराफिनचं कापड, काथ्या, घोड्याचे केस. घोड्याचे केस सीटच्या गादीत भरायला. बोल्ट जिनाच्या कोठारातून दिल्याची नोंद आहे, विकत घेतल्याची नाही.

शके १८५१ च्या पाडव्याला मोटारीची पूजा, नारळ आणि पेढे. १९२९ चा एप्रिल.

या बॉडीच्या आधी दुसरी बॉडी नव्हती.

सागवान (चंद्रपूर)

वाचून अंगावर काटा आला.

पाना-पेचकस (अकोला)

जिनाच्या कोठारातले बोल्ट! म्हणून १२ आटे. इंग्रजी यंत्राचे बोल्ट होय थे.

आर्वीकडची

आज गावातल्या सुतारबाबांना गोदामात घेऊन गेले. वय पंच्याऐंशीच्या पुढे, डोळ्यांनी कमी दिसतं. काठी बाजूला ठेवली आणि हातानंच सगळा सांगाडा चाचपला. मागच्या कोपऱ्यातल्या सांध्यावर बराच वेळ बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "हे मोटारवाल्यानं नाई बांधली, पोरी. हे दमणीवाल्यानं बांधली. खुंटी पाय."

त्यांनी समजावलं ते जसं कळलं तसं लिहिते. दमणी म्हणजे माणसांना बसायची टपाची बैलगाडी. तिच्या साट्याला, म्हणजे बसायच्या चौकटीला, खिळा आणि सरस चालत नाही. आपल्या वैशाखात सरस सुटतो आणि हादऱ्यानं खिळा ढिला होतो. म्हणून कूस (एका तुकड्याची जीभ) आणि साल (दुसऱ्यातली खाच) करून आरपार सागाचीच खुंटी मारायची. कुशीचं भोक सालीच्या भोकाशी नेमकं जुळवायचं नाही, गव्हाच्या दाण्याएवढं मागे ठेवायचं. खुंटी ठोकत गेलं की ती दोन्ही भोकं ओढून एका रेषेत आणते आणि सांधा स्वतःच आवळला जातो. हादऱ्यानं सहजी ढिला होत नाही. आमच्या गाडीचे चारही कोपरे असेच आहेत. जवळजवळ शंभर वर्षांत एकही हललेला नाही.

टपाच्या कमानीही दमणीच्या आहेत म्हणाले, फक्त रुंदी वाढवलेली.

बंदरावरचा

मी माझं आधीचं मत मागे घेतो. मोडलेल्या बॉडीच्या जागी काहीतरी बसवलं असा माझा अंदाज होता, तो चुकला. हूपर काय, बार्कर काय किंवा ओशावाचे मॅकलॉफ्लिन काय, हे सगळे आधी घोडागाडी बांधणारेच होते. गाडीला घोड्याऐवजी इंजिन आलं, कारागीर तेच राहिले. पुलगावजवळ दमणी बांधणाऱ्यांनी ब्यूकच्या चेसिसवर बॉडी बांधली, तर ते त्याच अर्थाने कोचबिल्डर. पौष १८५० ची नोंद, त्यांची खूण आणि एकच चेसिस, असं सगळं जुळलेली गाडी मी दुसरी पाहिलेली नाही. कारखान्याच्या नमुन्याची बॉडी चढवाल तर तुमच्याकडे हजारातली एक ब्यूक होईल, तीही नकली कपड्यातली.

व्यवहाराचंही सांगतो. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, व्हीए अक्षरांची. फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरण ५,०००. अट अशी, की चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. बॉडी बदललीत तर तुम्ही स्वतःहून त्या अटीबाहेर जाल. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने, फिवाने, तुरीनची सनद केली आहे. तिचाही रोख हाच: गाडीच्या वापरातल्या आयुष्यात झालेले बदल हे तिच्या इतिहासाची साक्ष आहेत, ते पुसू नयेत.

आर्वीकडची

तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती मोठ्यानं "बघ" एवढंच म्हणाली.

बदलांवरून आठवलं. मागच्या बाजूला चेसिसला दोन जाड लोखंडी कंस आहेत, कशाचे ते कळत नव्हतं. आत्याआजी सांगते, लढाईच्या काळात पेट्रोल मिळायचं नाही, तेव्हा मागे एक उंच टाकी बसवली होती, तिच्यात कोळसा पेटवायचे आणि गाडी त्याच्या धुरावर चालायची. चढावर सगळ्यांना उतरावं लागायचं. टाकी पुढे भंगारात गेली. हे कंस कापायचे की ठेवायचे?

पाना-पेचकस (अकोला)

ठेवा. प्रोड्युसर गॅसचे कंस आहेत. चाळीस-पंचेचाळीस सालच्या टंचाईची खूण गाडीच्या अंगावर राहू द्या. स्टार स्क्रूचं दार मात्र उघडून पाहा, तिथं कोणी नंतर जोड दिला असेल. जोड मजबूत असेल तर तोही राहू द्या, फक्त वहीत लिहून ठेवा.

हेडलाइटचं काय? फोटोत दोन्ही काचा वेगळ्या दिसतात.

आर्वीकडची

उजवीकडची ल्युकास या इंग्रजी कंपनीची आहे, मागाहून आलेली. डावीकडची मूळची असावी. एक चूक माझ्या हातून झाली, सांगायला हवी. हा धागा काढायच्या आधी मी रेडिएटरचं झाकण आणि डाव्या दिव्याची कडी एका दुकानात चमकवायला दिली होती. जुनं निकेल होतं, पिवळसर छटेचं. त्यांनी घासून काढलं आणि क्रोम चढवलं. आता निळसर चकाकतं आणि कडीवर आत बारीक अक्षरं होती ती गेली. फोटोही काढलेला नव्हता. कृपा करून कोणी असं करू नका.

झाडीपट्टी

ताई, मामाच्या सांगाड्याचे बोल्ट मोजले. सगळे व्हिटवर्थ, चेसिसचेही. म्हणजे इंग्रजी गाडी ना? वेगळा धागा काढतो.

*(पावसाळ्यानंतर)*

आर्वीकडची

खूप दिवसांनी लिहिते आहे. चेसिसच्या रुळाची पाहणी झाली. बॉडीच्या आठ भोकांखेरीज दुसरी भोकं नाहीत, लाकडाखालचा काळा रंग कोरा आहे. मोडीवाचक दादांनी वाचलं तेच लोखंडानंही सांगितलं. इंजिनात महिनाभर तेल सोडून ठेवलं होतं, परवा हॅण्डलनं फिरलं. चालू केलेलं नाही.

आणि एक गोष्ट. सुतारबाबांच्या घरामागे चिंचेखाली एक मोडकी दमणी पडलेली आहे, त्यांच्या आजोबांच्या हातची. काल नातवानं तिचं जू उलटं केलं. खालच्या अंगाला अर्धा चंद्र आणि दोन रेघा. मी सीटच्या फळीवरचा कागदावर उतरवलेला ठसा त्यावर ठेवला. पटाशीची रुंदीसुद्धा जुळली. सुतारबाबांना दिसलं नसतं म्हणून त्यांचं बोट आधी जुवावर आणि मग कागदावर फिरवलं.

वहीत भाड्याची पावती देणाऱ्याचं नाव आहे, पत्रा विकणाऱ्याचं आहे, पूजा सांगणाऱ्या गुरुजींचं आहे. सुतारांचं नाव नाही, फक्त असामी २. म्हणून मला दाराच्या उंबरठ्यावर, कोचबिल्डरची पाटी असते तिथं, त्यांच्या घराण्याची पितळी पाटी बसवायची आहे. चालेल का?

बंदरावरचा

मन म्हणतं बसवा. पण पन्नास वर्षांनी कोणीतरी ती १९२९ ची समजेल, आणि मग आपण आज ज्यांच्यापासून सावध करतो आहोत त्यांच्यात आणि आपल्यात फरक राहणार नाही.

पाना-पेचकस (अकोला)

बसवा, पण पाटीवर आजचं साल टाका. आणि लाकडाला नवं भोक पाडू नका.

आर्वीकडची

साल टाकते. भोक पाडायचं नाही म्हणून सुतारबाबांच्या नातवाला विचारलं. तो पाटी सागाच्या एका चिपेवर बसवून, ती चिप सीटखालच्या मोकळ्या खाचेत सरकवून देणार आहे. उंबरठ्यावर नाही, फळीखाली, त्या खुणेच्या शेजारी.